मोठे खेळ संगणकाने कसे सोडवावेत : कोकण किनाऱ्यावरील गस्तीच्या उदाहरणासह

पाठ्यपुस्तकातले खेळ दोन ओळी आणि दोन रकान्यांच्या तक्त्यात मावतात आणि कागदावर सुटतात. व्यवहारातला खेळ, मग तो पोकरचा असो, लिलावाचा असो किंवा समुद्रातील गस्तीचा असो, तक्त्याच्या रूपात नुसता लिहून काढायलाही संगणकाची मेमरी पुरत नाही, आणि म्हणून तो सोडवण्याची रीत मुळापासून वेगळी ठेवावी लागते. ती रीत येथे एकाच उदाहरणाच्या आधारे मांडली आहे. वाचकाला पायथनमध्ये साधा प्रोग्रॅम लिहिता येतो, संभाव्यतेची ओळख आहे आणि लिनिअर प्रोग्रॅमिंग म्हणजे काय हे ठाऊक आहे, एवढे गृहीत धरले आहे.

संपूर्ण लेखनाचा रोख एका गोष्टीवर आहे. समोरच्याचा डावपेच ठरलेला असताना त्याला सर्वोत्तम प्रत्युत्तर झटपट काढता आले, तर खेळ कितीही मोठा असला तरी तो आवाक्यात येतो. ते काढता आले नाही, तर कोणतेही सॉफ्टवेअर आणि कितीही यंत्रे उपयोगाची नाहीत. म्हणून नवा खेळ हातात घेतल्यावर पहिला प्रश्न हाच विचारावा की, यात सर्वोत्तम प्रत्युत्तर काढायला किती वेळ लागेल.

उदाहरण आणि त्याची मांडणी

महाराष्ट्राच्या किनाऱ्यापासून बारा नॉटिकल मैलांपर्यंतच्या पट्ट्यात मासेमारीचे नियमन राज्याचा मत्स्यव्यवसाय विभाग करतो. एलईडी दिवे लावून केलेल्या मासेमारीला बंदी आहे, आणि १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना समुद्रात जाता येत नाही. गस्तीनौका थोड्या, किनारा लांब, आणि नियम मोडणाऱ्याला कोठे जायचे याची निवड मोकळी, असा हा सामना आहे. गस्तीनौका एका वेळी एकाच ठिकाणी असते, आणि ती रोज ठरलेल्या वाटेने फिरू लागली की दोन आठवड्यांत तिचे वेळापत्रक जेटीवरच्या चहावाल्यालाही पाठ होते. त्यामुळे वाट यदृच्छेने निवडणे भाग आहे. प्रश्न फक्त कोणत्या प्रमाणात, एवढाच उरतो.

प्रथम खेळ मुद्दाम अगदी लहान घ्यावा. जयगड, मिरकरवाडा आणि पूर्णगड अशा तीन बंदरांसमोरचे पाणी धरू. गस्त नसताना बेकायदा मासेमारी झाली, तर मिरकरवाड्यासमोर ४, जयगडासमोर ३ आणि पूर्णगडासमोर २ एवढे नुकसान होते, आणि गस्तीनौका तेथेच असेल तर नुकसान शून्य, असे मानू. (हे आकडे केवळ हिशेबासाठी घेतलेले आहेत.) गस्तीचे जेवढे नुकसान तेवढा समोरच्याचा फायदा, म्हणजे हा शून्य-बेरीज खेळ झाला. अशा खेळाला ठरावीक मूल्य असते आणि दोन्ही बाजूंना ते राखणारा मिश्र डावपेच, म्हणजे पर्याय ठरावीक संभाव्यतांनी निवडणारा डावपेच, असतो, हे जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये सिद्ध केले.

समतोलात, म्हणजे कोणालाही एकट्याने डावपेच बदलून फायदा होणार नाही अशा स्थितीत, गस्तीने तिन्ही ठिकाणचे अपेक्षित नुकसान सारखे करावयाचे असते, कारण एका ठिकाणी ते जास्त राहिले तर समोरचा तेथेच जाईल. मिरकरवाड्याची संभाव्यता क असेल तर तेथील नुकसान ४ × (१ − क) होते. इतर दोन ठिकाणी तसेच. तिन्ही नुकसाने समान आणि तिन्ही संभाव्यतांची बेरीज १ या अटींवरून उत्तर मिळते ते असे : मिरकरवाडा ७/१३, जयगड ५/१३, पूर्णगड १/१३, आणि खेळाचे मूल्य २४/१३, म्हणजे सुमारे १.८४६. समोरच्याचे उत्तर पाहण्यासारखे आहे. तो मिरकरवाड्याला ३/१३, जयगडला ४/१३ आणि पूर्णगडला ६/१३ एवढ्या वेळा जातो. म्हणजे सर्वांत कमी कमाईच्या पाण्यात सर्वांत जास्त वेळा, कारण गस्त तेथे जवळजवळ फिरकतच नाही. प्रोग्रॅम लिहिल्यावर तो हे सहा अपूर्णांक देतो का, हे आधी पाहावे आणि मगच पुढे जावे.

तफावत : प्रत्येक फेरीला मोजायचा आकडा

आपल्या हाती असलेल्या डावपेचाला समोरच्याने सर्वोत्तम प्रत्युत्तर दिले, तर खेळाच्या मूल्यापेक्षा आपले किती जास्त नुकसान होते, या आकड्याला पुढे ‘तफावत’ म्हटले आहे. तफावत शून्य म्हणजे समतोल. मोठ्या खेळात मूल्य आधीपासून माहीत नसते. तेव्हा दोन्ही बाजूंची सर्वोत्तम प्रत्युत्तरे काढून त्यांतील फरक घ्यावा, म्हणजे दोघांच्या तफावतींची बेरीज मूल्य माहीत नसतानाही मिळते. आकृत्या गुळगुळीत दिसू लागल्या, संभाव्यता हलेनाशा झाल्या, नवा डावपेच जुन्याला हरवू लागला, यांतील कोणतीही गोष्ट तफावतीची जागा घेऊ शकत नाही. नवा डावपेच जुन्याला हरवतो याचा अर्थ तर जवळजवळ काहीच होत नाही; दगड-कागद-कात्रीत प्रत्येक डावपेच कोणाला तरी हरवतोच.

आता पश्चात्तापाची पद्धत कागदावर करून पाहू, कारण पुढे येणारे पोकरचे सर्व मोठे प्रयोग तिच्यावरच उभे आहेत. सर्ज्यू हार्ट आणि आंद्रेउ मास-कोलेल यांनी २००० मध्ये मांडलेला नियम असा : प्रत्येक पर्यायासाठी, ‘आपण जे केले त्याऐवजी हा पर्याय घेतला असता तर किती वाचले असते’ याची बेरीज ठेवत जावी, आणि पुढच्या फेरीत धन बेरीज असलेले पर्याय त्या बेरजांच्या प्रमाणात निवडावेत.

पहिल्या फेरीत काहीच माहीत नसल्याने गस्त तिन्ही ठिकाणी १/३ ठेवावी. समोरचा सर्वोत्तम प्रत्युत्तर देऊन मिरकरवाड्याला जातो आणि अपेक्षित नुकसान ८/३ होते. गस्त पूर्णपणे मिरकरवाड्याला असती तर ८/३ वाचले असते. जयगड किंवा पूर्णगडला असती तर उलट ४/३ जास्त गेले असते. म्हणून बेरजा ८/३, −४/३, −४/३ अशा होतात आणि दुसऱ्या फेरीत सारी गस्त मिरकरवाड्याला जाते. समोरचा लगेच जयगडला वळतो, नुकसान ३, आणि बेरजा ८/३, ५/३, −४/३ होतात. तिसऱ्या फेरीत गस्त ८/१३, ५/१३, ० अशी वाटली जाते. म्हणजे दोनच फेऱ्यांत जयगडचा अपूर्णांक समतोलातल्याएवढा आला, तरी पूर्णगड मोकळा राहिला, आणि समोरचा तेथे जाऊन २ एवढे नुकसान करतो. चौथ्या फेरीची विभागणी ८/१५, ५/१५, २/१५ येते.

या चार फेऱ्यांची सरासरी काढल्यास मिरकरवाडा ०.६२०, जयगड ०.२६३, पूर्णगड ०.११७ असे प्रमाण येते. त्यावर समोरच्याचे सर्वोत्तम प्रत्युत्तर जयगड हे आहे, नुकसान सुमारे २.२१ आणि तफावत सुमारे ०.३७; सुरुवातीच्या समान वाटपाची तफावत ०.८२ होती. येथे लक्षात ठेवायची गोष्ट अशी की, समतोलाकडे जाण्याची हमी सरासरी डावपेचाला असते, त्या-त्या फेरीच्या डावपेचाला नसते. शेवटच्या फेरीचा डावपेच जतन करून सरासरी टाकून देणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे, आणि ती लक्षात येत नाही याचे कारण लहान खेळांत शेवटची फेरी कधीकधी सरासरीपेक्षा चांगली दिसते. वरच्या उदाहरणातही चौथ्या फेरीचे सर्वाधिक नुकसान नेमके २ आहे, सरासरीच्या २.२१ पेक्षा कमी. हा योगायोग आहे; दुसऱ्या फेरीत हेच नुकसान ३ होते.

किनारा लांबवल्यावर

आता बाणकोटपासून वेंगुर्ल्यापर्यंत वीस ठिकाणे घ्यावीत आणि दिवसाचे चोवीस तास. गस्तीनौका मिरकरवाड्याहून निघते आणि दर तासाला एक घर उत्तरेला, एक घर दक्षिणेला किंवा आहे तेथेच, असे तीन पर्याय तिला असतात. चोवीस तासांच्या वाटा ३ चा २४ वा घात, म्हणजे २८ हजार कोटींच्या वर होतात. दोन टोकांना पर्याय कमी पडतात म्हणून थोड्या कमी धरा. समोरच्याकडे ठिकाण आणि तास यांच्या ४८० जोड्या आहेत. हा तक्ता लिहिण्याच्या फंदात पडू नये.

त्याऐवजी नुकसान कशावर अवलंबून आहे ते पाहावे. गस्तीनौका अमुक तासाला अमुक ठिकाणी होती की नव्हती, एवढ्यावरच ते ठरते. ती तेथवर कोणत्या वाटेने आली याला महत्त्व नाही. म्हणून ठिकाण-तासांच्या ४८० गाठी आणि त्यांना जोडणारे सुमारे तेराशे दुवे असे जाळे काढावे, प्रत्येक दुव्यावरून नौका जाण्याची संभाव्यता हे चल मानावे, प्रत्येक गाठीत जेवढे येते तेवढेच बाहेर जाते ही अट घालावी आणि प्रत्येक गाठीचे नुकसान एका चलापेक्षा जास्त नसावे असे सांगून तो चल लहानात लहान करावा. हजारो कोटी वाटांचा प्रश्न तेराशे चलांच्या लिनिअर प्रोग्रॅमवर येतो. पायथनच्या सायपाय या लायब्ररीतून हाय्ग्ज हा मोफत सॉल्व्हर वापरता येतो आणि साध्या लॅपटॉपवर असा प्रोग्रॅम अगदी थोड्या वेळात सुटतो. समोरच्याचा डावपेच वेगळा काढावा लागत नाही, तो त्याच प्रोग्रॅमच्या दुहेरी (ड्युअल) उत्तरात, म्हणजे नुकसानीच्या अटींच्या दुहेरी किमतींमध्ये मिळतो.

हीच कल्पना वळणावळणाने चालणाऱ्या खेळांसाठी डॅफ्ने कोलर, निम्रोद मेगिडो आणि बर्नहार्ड फॉन श्टेंगेल यांनी १९९० च्या दशकात मांडली. तिला क्रमरूप म्हणता येईल : संपूर्ण डावपेच मोजण्याऐवजी खेळाडूच्या स्वतःच्या चालींचे क्रम मोजले की प्रोग्रॅमचा आकार खेळाच्या वृक्षाच्या प्रमाणातच राहतो, घातांकाने वाढत नाही.

मात्र ही सोय अटीवर मिळते. सलग दोन तास एका ठिकाणी थांबल्यावरच गस्तीचा उपयोग होतो, किंवा डिझेल संपत आले की परत फिरणे भाग पडते, अशी अट आली की वाटेचा इतिहास महत्त्वाचा ठरतो. तेव्हा गाठीत तो इतिहास समाविष्ट करावा : ठिकाण, तास आणि उरलेल्या डिझेलच्या दहा पातळ्या असे घेतल्यास ४,८०० गाठी होतात, आणि त्या अजूनही थोड्याच आहेत. इतिहासाचे घटक वाढत गेले की मात्र जाळे फुगते, आणि तेथून पुढची पद्धत लागते.

वाटा हळूहळू जमवणे

एच. ब्रेंडन मॅकमॅहन, जेफ्री गॉर्डन आणि अव्रिम ब्लम यांनी २००३ मध्ये सुचवलेली दुहेरी प्रत्युत्तराची पद्धत माझ्या मते या विषयातील सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी शिकवली जाणारी पद्धत आहे. दोन्ही बाजूंना प्रत्येकी दोन-चार पर्याय देऊन लहान तक्ता तयार करावा आणि तो अचूक सोडवावा. मग त्या तक्त्यातील समोरच्याच्या मिश्र डावपेचाला गस्तीचे सर्वोत्तम प्रत्युत्तर संपूर्ण खेळातून शोधावे आणि गस्तीच्या मिश्र डावपेचाला समोरच्याचे. नवी वाट मिळाली तर ती तक्त्यात घालून पुन्हा सोडवावे. दोघांपैकी कोणालाही सुधारणा सापडत नसेल तर लहान तक्त्याचा समतोल हाच मोठ्या खेळाचा समतोल असतो.

गस्तीचे प्रत्युत्तर शोधणे म्हणजे जाळ्यातून सर्वाधिक बचतीची वाट काढणे. शेवटच्या तासापासून मागे येत प्रत्येक गाठीत ‘येथून पुढे जास्तीत जास्त किती वाचेल’ हे लिहीत गेले की काम होते. ४८० गाठी आणि प्रत्येकी तीन तुलना. दोन नौका असतील तर दोघींच्या जागांची जोडी घ्यावी, म्हणजे २० × २० × २४ = ९,६०० गाठी आणि प्रत्येकी नऊ चाली. चार नौकांना मात्र ही युक्ती परवडत नाही, कारण गाठी ३८ लाखांच्या वर जातात आणि प्रत्येकीतून ८१ चाली निघतात. अशा वेळी एकेक नौका क्रमाने बसवून आधी ढोबळ प्रत्युत्तर घ्यावे आणि त्याने सुधारणा सापडेनाशी झाली की शेवटची खात्री करण्यापुरते अचूक प्रत्युत्तर काढावे.

इतक्या वाटांमधून थोड्याच पुरतात यामागे ठोस कारण आहे. समोरच्याकडे ४८० पर्याय असतील, तर गस्तीचा असा एक इष्टतम डावपेच नक्की असतो ज्यात ४८० पेक्षा जास्त वाटा नसतात. लिनिअर प्रोग्रॅमच्या कोपऱ्यातील उत्तरांचा हा सरळ परिणाम आहे. अठ्ठावीस हजार कोटींपैकी बाकीच्या वाटा तक्त्यात कधी आल्या नाहीत तरी उत्तरात काही उणे पडत नाही. पद्धत वाईट वेळी बऱ्याच वाटा ओढून आणू शकते, हे खरे; म्हणून प्रत्येक फेरीला वरची आणि खालची मर्यादा नोंदवावी आणि त्यांतील अंतर पुरेसे कमी झाले की थांबावे.

समोरच्याला काही दिसत असेल तेव्हा

आतापर्यंत समोरच्याने ठिकाण आधीच ठरवले होते. पण मिरकरवाड्याच्या तोंडातून नौका उत्तरेला वळली की दक्षिणेला, हे कोणी पाहिले आणि फोन केला, तर तो ते कळल्यावर ठरवेल. मग खेळ वृक्षाच्या रूपात मांडावा लागतो आणि त्यात ‘माहिती-संच’ येतात : खेळाडूला ज्या स्थिती एकमेकींपासून वेगळ्या ओळखता येत नाहीत, त्यांचा एक संच. नौका उत्तरेला गेली एवढेच ज्याला कळले आहे, त्याला ती जयगडला थांबली की दाभोळपर्यंत गेली हे ठाऊक नाही. त्या साऱ्या स्थितींत त्याला एकच निर्णय घ्यावा लागतो.

अशा खेळांसाठी मार्टिन झिंकेविच, मायकेल जोहानसन, मायकेल बोलिंग आणि कार्मेलो पिचोने यांनी २००७ मध्ये सीएफआर (काउंटरफॅक्च्युअल रिग्रेट मिनिमायझेशन) ही पद्धत दिली. प्रत्येक माहिती-संचात वरच्यासारखी पश्चात्तापाची एक छोटी वही ठेवायची, आणि त्या संचापर्यंत पोहोचण्यात समोरच्याचा व नशिबाचा वाटा किती होता त्याने प्रत्येक पश्चात्तापाला गुणायचे. स्वतःचा वाटा तेथे धरायचा नाही. तो सरासरी डावपेच काढताना भार म्हणून येतो. हे दोन भार एकमेकांच्या जागी गेले की प्रोग्रॅम चालतो, आकडे बदलत राहतात आणि उत्तर चुकीचे येते. सर्व संचांमधील पश्चात्तापांची बेरीज संपूर्ण खेळातील पश्चात्तापाला वरून बांधून ठेवते, हे त्यांचे प्रमेय. म्हणून प्रत्येक संच आपापला पश्चात्ताप कमी करीत राहिला की सारा खेळ समतोलाकडे जातो.

मेमरीचा हिशेब आधी कागदावर करावा. प्रत्येक माहिती-संचातील प्रत्येक पर्यायासाठी दोन आकडे लागतात, पश्चात्ताप आणि सरासरी. एक कोटी संच, प्रत्येकी तीन पर्याय आणि प्रत्येक आकडा आठ बाइट, म्हणजे ४८ कोटी बाइट, साधारण अर्धा जीबी. चार बाइटचे आकडे घेतल्यास निम्मे. सोळा जीबीच्या लॅपटॉपवर काही कोटी संच सहज बसतात. तफावतीची हमी फेऱ्यांच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात आहे, म्हणजे तफावत दहापट कमी करायला हमीप्रमाणे शंभरपट फेऱ्या लागतात. प्रत्यक्षात ओस्कारी तम्मेलिन यांनी २०१४ मध्ये मांडलेला सीएफआर-प्लस हा बदल पुष्कळ वेगवान ठरतो. त्यात ऋण झालेली बेरीज तेथेच शून्यावर आणतात, दोन खेळाडूंचे आकडे आळीपाळीने बदलतात आणि सरासरीत नंतरच्या फेऱ्यांना जास्त भार देतात. वरच्या कागदी उदाहरणात पूर्णगडच्या −४/३ या बेरजेमुळे तिसऱ्या फेरीनंतर त्याची नोंद २/३ एवढीच झाली होती. फक्त ती एक बेरीज शून्यावर आणली असती, तरी नोंद २ झाली असती आणि पूर्णगडकडे गस्त चौथ्या फेरीतच अधिक प्रमाणात गेली असती.

या पद्धतीची ताकद २०१५ मध्ये दिसली. दोन खेळाडूंच्या लिमिट होल्डेम पोकरमध्ये सुमारे ३.१९ × १०^१४ निर्णयस्थाने आहेत. पत्त्यांच्या रंगांची अदलाबदल सारखी मानल्यावर ती १.३८ × १०^१३ उरतात. अल्बर्टा विद्यापीठातील बोलिंग, नील बर्च व जोहानसन आणि त्यांच्यासह तम्मेलिन यांनी २०० संगणकांवरील ४,८०० कोर वापरून १,५७९ फेऱ्या ६८.५ दिवसांत केल्या, आकडे दाबून साठवल्यावर १०.९ टीबी जागा लागली, आणि उरलेली तफावत दर डावाला मोठ्या ब्लाइंडच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीला लावाव्या लागणाऱ्या सक्तीच्या पैजेच्या, हजाराव्या भागाहूनही कमी आली. माणसाने आयुष्यभर खेळून ओळखता येणार नाही एवढी ती लहान आहे.

आपल्याजवळ असे यंत्र नसते, म्हणून नमुने घ्यावेत. मार्क लँक्टो आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडलेल्या माँटे कार्लो सीएफआरमध्ये दर फेरीला संपूर्ण वृक्ष चालत नाहीत. नशीब आणि समोरचा यांच्या चाली सोडतीने निवडतात आणि स्वतःच्या सर्व चाली पाहतात. सोडतीची हीच रीत प्रथम वापरावी. फक्त एकच वाट सोडतीने चालण्याची दुसरी रीत फेरीला स्वस्त असली तरी तिच्यातले आकडे इतके डोलतात की नवख्याला प्रोग्रॅम चुकला की नशीब, हे कळत नाही. शिवाय शून्यावर आणण्याची युक्ती सोडतीबरोबर तितकी चालत नाही. तेथे जुन्या फेऱ्यांचा भार कमी करीत जाणे बरे.

प्रोग्रॅम बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी हॅरल्ड कून यांनी १९५० मध्ये दिलेला तीन पत्त्यांचा पोकर वापरावा. त्यात माहिती-संच बारा आहेत आणि पहिल्या खेळाडूसाठी मूल्य −१/१८, म्हणजे सुमारे −०.०५५६ आहे. तफावत ऋण आली तर सर्वोत्तम प्रत्युत्तराचा हिशेब चुकला असे नक्की समजावे. कमी होत-होत एका ठिकाणी अडकली, तर बहुधा प्रत्युत्तर देणारा समोरचे पत्ते ‘पाहत’ आहे : त्याने प्रत्येक स्थितीत वेगळा निर्णय घेतला, संचात एक निर्णय घेतला नाही. हे दोन दोष मोठ्या खेळात शोधणे अशक्यप्राय असते, म्हणून येथेच काढून टाकावेत.

खेळ लहान करण्याचे मार्ग आणि त्यांतील धोके

ठिकाणे एकत्र करणे, तासांऐवजी तीन-तीन तासांचे गट घेणे, हा मोह सर्वांनाच होतो. ज्या गोष्टी खरोखर सारख्या आहेत त्या एकत्र करण्यात काही हानी नाही. पोकरमधील पत्त्यांच्या रंगांचे तसेच आहे. जयगड आणि पूर्णगड जवळपास सारखे आहेत म्हणून एकत्र केले, तर मात्र लहान खेळाचा समतोल मोठ्या खेळात किती वाईट ठरेल हे सांगता येत नाही, आणि गट अधिक बारीक केल्याने तफावत वाढल्याची उदाहरणेही २००९ मध्ये दाखवली गेली आहेत. म्हणून गट पाडून काढलेल्या डावपेचाची तफावत नेहमी मूळ, गट न पाडलेल्या खेळातच मोजावी. खेळाडूला स्वतःची आधीची माहिती विसरायला लावणारे गट पाडल्यास सीएफआरची हमी उरत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे ढोबळ उत्तर आधी काढून ठेवणे आणि खेळ चालू असताना समोर आलेला भाग नव्याने बारकाईने सोडवणे. बुद्धिबळात हा भाग स्वतंत्रपणे सोडवता येतो. माहिती लपलेली असते तेथे तसे करता येत नाही, कारण या भागात काय करणे योग्य हे इतर भागांत समोरच्याला काय मिळाले असते यावर अवलंबून असते. २०१७ मधील डीपस्टॅक आणि लिब्राटस या दोन्ही प्रोग्रॅमांनी समोरच्याला इतरत्र मिळू शकणाऱ्या मूल्याची अट घालून हा भाग सोडवला, आणि १० चा १६१ वा घात एवढी निर्णयस्थाने असलेल्या नो-लिमिट पोकरमध्ये व्यावसायिक खेळाडूंना हरवले. न्यूरल नेटवर्कच्या पद्धती, म्हणजे २०१९ चा डीप सीएफआर किंवा दुहेरी प्रत्युत्तराचा २०१७ मधील विस्तार पीएसआरओ, वह्यांच्या जागी नेटवर्क ठेवतात. वही मेमरीत मावत असेल तोवर त्यांच्या वाटेला जाऊ नये. प्रयोगच करायचा असेल तर डीपमाइंडने २०१९ मध्ये खुले केलेले ओपनस्पील हे सॉफ्टवेअर घ्यावे. लहान खेळांसाठी गॅम्बिट हे सॉफ्टवेअर पुरे आहे.

नफा-तोटा सारखा नसेल तर

गस्तीचे नुकसान आणि समोरच्याचा फायदा नेहमी सारखे नसतात. अशा खेळाचा नॅश समतोल काढण्याची सर्वसाधारण जलद पद्धत माहीत नाही. दोन खेळाडूंसाठीही हा प्रश्न पीपीएडी नावाच्या वर्गातील सर्वांत कठीण प्रश्नांपैकी आहे. दोनापेक्षा जास्त खेळाडू असतील तर पश्चात्तापाच्या पद्धतीला नॅश समतोलाची हमी नाही. सहा खेळाडूंचा पोकर खेळणारा प्लुरिबस २०१९ मध्ये ६४ कोरच्या एका संगणकावर आठ दिवसांत तयार झाला आणि जिंकलाही, पण त्यामागे प्रमेयाचा आधार नव्हता.

गस्तीच्या बाबतीत सुदैवाने वेगळी वाट आहे. गस्तीचे प्रमाण आधी ठरते आणि समोरचा ते पाहून निर्णय घेतो, म्हणून नॅशऐवजी स्टाकेलबर्ग समतोल शोधावा. विन्सेंट कॉनिट्झर आणि टुओमास सँडहोम यांनी २००६ मध्ये दाखवल्याप्रमाणे, समोरच्याच्या प्रत्येक पर्यायासाठी ‘हाच पर्याय त्याला सर्वोत्तम वाटावा’ अशी अट घालून एकेक लिनिअर प्रोग्रॅम सोडवावा आणि त्यांतील आपल्याला सर्वांत फायद्याचे उत्तर घ्यावे. आपल्या जाळ्यावर याचा अर्थ ४८० प्रोग्रॅम, प्रत्येकी तेराशे चलांचे. रात्री चालू करून ठेवण्याइतकेही हे काम मोठे नाही. मिलिंद तांबे यांच्या गटाने याच चौकटीतून लॉस एंजेलिस विमानतळासाठी २००७ मध्ये आर्मर आणि अमेरिकी तटरक्षक दलाच्या बॉस्टन बंदरातील गस्तीसाठी २०११ मध्ये प्रोटेक्ट ही प्रणाली उभी केली. प्रोटेक्टमध्ये समोरचा अचूक गणित करतो असे न मानता, चांगले पर्याय तो जास्त वेळा निवडतो एवढेच मानले होते. किनाऱ्यावरचा तांडेल लिनिअर प्रोग्रॅम सोडवून निघत नाही, तेव्हा हे गृहीतक आपल्याकडेही जवळचे आहे. मात्र त्यामुळे प्रोग्रॅम रेषीय राहत नाही, आणि ती किंमत आधीच लक्षात घ्यावी.

उत्तरातून रोजची वाट काढणे

सॉल्व्हरने दिलेले उत्तर दुव्यांवरील संभाव्यतांच्या रूपात असते. नौकेला त्यातून एक वाट द्यावी लागते. ती काढण्यासाठी पहिल्या गाठीतून सुरुवात करावी, तेथून निघणाऱ्या दुव्यांपैकी एक त्यांच्या संभाव्यतांच्या प्रमाणात सोडतीने निवडावा, पुढच्या गाठीत तसेच करावे आणि चोवीस तास पूर्ण करावेत. अशा वाटांमध्ये प्रत्येक गाठीला भेट मिळण्याची संभाव्यता मूळ उत्तराएवढीच येते. सोडतीसाठी वापरलेल्या यादृच्छिक आकड्यांचे बीज तारखेवरून घेऊ नये, कारण तसे केल्यास प्रोग्रॅम हाती असलेल्या कोणालाही उद्याची वाट काढता येते. ऑपरेटिंग सिस्टिमच्या सुरक्षित आकड्यांचा स्रोत वापरावा आणि सोडत नौका सुटण्याच्या थोडे आधी काढावी. आधी संगणकावरच दहा हजार वाटा काढून प्रत्येक गाठीची वारंवारता मोजावी आणि मूळ संभाव्यतेशी ताडून पाहावी. ०.५ संभाव्यतेच्या गाठीत ०.०२ पर्यंतचा फरक सोडतीमुळे पडू शकतो; त्याहून मोठा फरक दिसला तर गाठीतील येणे-जाणे जुळत नाही असे समजून दुव्यांची यादी तपासावी. प्रत्यक्षात हवामान बिघडून ठरलेली वाट सोडावी लागली तर तशी नोंद ठेवावी, आणि अशा नोंदी वाढू लागल्या की वाऱ्याची स्थिती हीही गाठीचा एक घटक करून जाळे पुन्हा सोडवावे.